होडीपट्टी

अकरा वर्षं मी सत्तावीस खुर्च्या पुसल्या.
रोज. दसऱ्याला लाकडावर एरंडेलाचा हात,
संक्रांतीला पितळी खिळे चिंचेनं घासायचे.
बसायला कुणी नव्हतं.
सभा मोडलेली नाही, दस्तगीर, दिवाणसाहेब म्हणायचे,
फक्त बोलावलेली नाही.
किल्ली माझ्या कमरेला.

सांगलीहून सात कोसांवर आमचं संस्थान,
नकाशावर मोहरीएवढं.
तोफा दोन, त्यातली एक फुटकी.
पण सरकारांना वाटायचं, आभाळ आपल्याशीच बोलतं,
मध्ये सत्तावीस तोंडं कशाला?

मग मोटार आली, मोटारीमागून कर्ज आलं
आणि दिवाणांनी जुन्या रुमालातून एक कागद काढला.
होडीपट्टी.
कधीकाळी कृष्णाकाठच्या गावांनी
नावाड्यांच्या पोटासाठी भरलेली.
आता सगळ्या गावांनी भरायची, घरटी बारा आणे.
सगळ्या म्हणजे पूर्वेकडच्याही,
जिथं विहिरीला सात पुरुष दोर लागतो,
जिथं पोरं पाटीवर ‘नदी’ गिरवतात
आणि मास्तरांना विचारतात, तिला शिंगं असतात का.

कुसळवाडीचा नेमगोंडा बिरनाळे कचेरीत उभा राहिला.
होडी दाखवा, म्हणाला, बारा आणे देतो.
त्याची भांडी जप्त झाली.
मग बैल.
मग तो.

पत्रकं हरिपुरात छापायचे, हद्दीपलीकडं,
हळदीच्या रिकाम्या पेवात, कंदिलाच्या उजेडात.
जीव गुदमरला की माणूस दोरानं वर ओढायचे.
कागदाच्या कडेला पिवळे ठसे यायचे.
फौजदारानं हुकूम सोडला,
बोटं पिवळी दिसतील त्याला धरा.
माघ चालू होता. गावोगाव हळद शिजत होती.
पहिल्याच दिवशी त्याची बायको सापडली.

फाल्गुनात होडी आली.
सुतारानं जन्मात न पाहिलेली वस्तू
ऐकीव माहितीवर केली होती,
बाभळीची, थोडी पाळण्यासारखी, थोडी तिरडीसारखी.
चार बैलांच्या गाडीवरून सोळा कोस फुफाट्यातून आली.
मागं हजारभर माणसं.
घोषणा नव्हत्या. घसेच कोरडे पडले होते.
पुढं रत्नव्वा, नेमगोंडाची बायको.
बैल गेल्यापासून हरिपुरात हळकुंडं घासायला जायची.
मुठीत बारा आणे.

सरकार शिकारीला गेलेले.
दिवाणसाहेबांना अचानक ताप.
पायरीवर तिनं मला विचारलं, हे कुणाकडं द्यायचं?
आत कुणी नाही, म्हणालो.
बघू तरी.

मी शूर नाही. पगार नऊ रुपये, लेकरं सहा.
खरं सांगायचं तर मला एवढंच हवं होतं,
त्या खुर्च्या कुणीतरी बघाव्यात.
कुलूप काढताना म्हणालोही,
लाकूड बघा, शिसवी आहे.

माणसं चपला हातात घेऊन आत आली.
बसेना कुणी.
परक्या गावच्या लग्नात उभी राहतात तशी
भिंतीला धरून उभी.
रत्नव्वाचे पाय सुजले होते. ती बसली,
तिसऱ्या रांगेत, कडेला.
हुश्श, म्हणाली.
सभेचं कामकाज त्या दिवशी तेवढंच झालं.

पट्टी माफ झाली नाही, सहा आणे झाली.
सभा बोलावली दोन वर्षांनी,
तोवर मी बडतर्फ.
नेमगोंडा सुटला, पण डाव्या कानानं ऐकू येईना.
होडीत आता म्हशी पाणी पितात म्हणे, पाणी असेल तेव्हा.

चौकशीत फौजदारानं मला आत नेलं,
खुर्चीच्या हातावरचा पिवळा पंजा दाखवला.
कुणाचा?
मी सवयीनं खांद्यावरचं फडकं काढलं,
थुंकी लावली, घासलं.
निघेना.

हळद आहे, साहेब, म्हणालो.
कुठंतरी लग्न असेल.